चॉक्टॉ मुलखात राहिलेला गोरा पूर्वज यादीत सापडत नाही तेव्हा

तक्रार नेहमी एकाच वळणाची असते. घरात तीन-चार पिढ्या सांगत आलेले असतात की मूळ पुरुष गोरा होता, मिसिसिपीत किंवा पुढे इंडियन टेरिटरीत (आजचा ओक्लाहोमा) चॉक्टॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांमध्ये राहिला, तिथलीच बायको केली आणि तिथेच वारला. नाव-आडनाव ठाऊक असतं. ते डॉझ रोलमध्ये, म्हणजे इंडियन टेरिटरीतल्या जमातींच्या सरकारी सदस्ययादीत, टाकलं की काहीच निघत नाही. जनगणनेत टाकलं तर त्या नावाची माणसं टेनेसीपासून टेक्ससपर्यंत पसरलेली. मग प्रकरण थंड पडतं आणि पुढच्या सुट्टीत कोणीतरी पुन्हा त्याच दोन यादींत तेच नाव टाकतं.

यात चूक नावाची क्वचितच असते. चॉक्टॉंच्या याद्या चॉक्टॉंसाठी केलेल्या होत्या; गोरा माणूस त्यांत असलाच तर कोपऱ्यात, कोणाचा तरी नवरा म्हणून. आणि अमेरिकी जनगणना अमेरिकेच्या काउंट्यांत, म्हणजे राज्यांतल्या जिल्ह्यांत, होत असे. चॉक्टॉ मुलूख कित्येक दशकं कुठल्याच काउंटीत नव्हता. म्हणून "तो कुठल्या यादीत आहे" हे नंतर बघा. आधी हे ठरवा: अमुक वर्षी तो कोणाच्या हद्दीत राहत होता, आणि त्या हद्दीत कागद कोण करत होतं?

आधी नकली धागे तोडा

काही घरांत "आमचे पूर्वज चॉक्टॉमध्ये राहिले" ही आठवण खरी असते, पण ते चॉक्टॉ म्हणजे काउंटीचं नाव. मिसिसिपीत चॉक्टॉ काउंटी डिसेंबर १८३३ मध्ये झाली, अलाबामात १८४७ मध्ये, आणि ओक्लाहोमात १९०७ मध्ये तिसरी. पहिल्या दोन काउंट्या चॉक्टॉंनी जमीन सोडल्यावर गोऱ्या शेतकऱ्यांनी भरल्या. तुमचा माणूस तिथे १८३५ ला आला असेल, तर तो चॉक्टॉंच्या सोबतीला आला नव्हता, त्यांच्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर आला होता.

दुसरा सापळा जास्त बारीक आहे. सरकारी जमिनीच्या सनदा ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. मिसिसिपीतल्या सनदेत "चॉक्टॉ" शब्द दिसला की लोक उडी मारतात. पण तो शब्द मेरिडियनच्या रकान्यात असेल तर त्याला काही अर्थ नाही. चॉक्टॉ मेरिडियन ही मोजणीची उभी रेषा आहे, तिच्या आधाराने मोजलेल्या प्रत्येक तुकड्यावर, घेणारा कोणीही असो, ते नाव येतं.

बघायचा असतो तो अधिकाराचा रकाना, म्हणजे सनद कुठल्या कायद्याखाली दिली ते. तिथे २४ एप्रिल १८२० चा कायदा आणि रोख विक्री असं असेल तर माणसाने पैसे मोजून सरकारी जमीन घेतली. चॉक्टॉ नात्याचा त्यात काही पुरावा नाही. २७ सप्टेंबर १८३० चा चॉक्टॉ करार (ज्याने चॉक्टॉंनी मिसिसिपीतली जमीन सोडून पश्चिमेला जायचं ठरलं) असेल तर थांबा, इथे काम आहे. मात्र करारातल्या कितीतरी जमिनी सट्टेबाजांनी उचलल्या, तेव्हा सनद ज्याच्या नावावर तो हक्कदार असेलच असं नाही. सनदेची प्रतिमा उघडून मजकूर वाचा. "अमक्याचा हस्तांतरिती" असं लिहिलं असेल तर मूळ हक्कदाराचं नाव त्याच वाक्यात असतं. नुसती शोधयादी बघून परत फिरणारे हे नाव गमावतात.

तिसरी गल्लत जमातीची. गायन मिलर यांच्या नावाने ओळखले जाणारे १९०६ ते १९०९ चे अर्ज चेरोकींच्या दाव्यासाठीचे आहेत. तिथे आजी सापडली म्हणून ती चॉक्टॉ ठरत नाही.

वर्ष आणि हद्द

१८३० पर्यंत मिसिसिपीचा मोठा भाग आणि अलाबामाचा पश्चिमेकडचा पट्टा चॉक्टॉंच्या ताब्यात होता, पण तुकड्यातुकड्याने आटत होता: १८०५ चा माउंट डेक्स्टर, १८१६ चा सेंट स्टीफन्स, १८२० चा डोक्स स्टँड. एकच घर १८१९ मध्ये चॉक्टॉ हद्दीत आणि १८२१ मध्ये राज्याच्या हद्दीत, असं सहज घडतं. घर हललेलंच नसतं. म्हणून कुठल्याही नोंदीआधी करारांच्या सीमा दाखवणारा नकाशा समोर ठेवा आणि नदी-ओढ्यांवरून घर कुठे होतं ते पेन्सिलीने मांडा.

चॉक्टॉ हद्दीत असताना खरेदीखत नाही, वारसा न्यायालय नाही, विवाह परवाना नाही. १८२० च्या जनगणनेत तो नाही म्हणजे तो मेला असं धरू नका. त्या काळात गोऱ्या माणसाचा कागद तीनच कारणांनी होई: परवानगी, उधारी किंवा दुभाषेगिरी. जमातींच्या मुलखात व्यापार करायला संघ सरकारचा परवाना आणि जामीन लागे, त्यामुळे एजंटच्या, म्हणजे जमातीकडे नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या, पत्रव्यवहारात नावं येतात. १८०० ते १८२३ ची पत्रं युद्धमंत्र्यांच्या दप्तरात आहेत, राष्ट्रीय अभिलेखागाराचा मायक्रोफिल्म संच एम २७१. १८२४ पासून पुढची एम २३४ मध्ये. इथे लोक नेमके अडकतात: एम २३४ मध्ये चॉक्टॉंची पत्रं एका शीर्षकाखाली नाहीत. चॉक्टॉ एजन्सी, पश्चिमेकडची एजन्सी, स्थलांतर आणि राखीव जमिनी अशी वेगवेगळी शीर्षकं आहेत. "एजन्सी" चाळून झाली म्हणजे काम झालं असं समजणाऱ्याला जमिनीचे तंटे कधीच दिसत नाहीत, आणि गोरे नवरे सगळ्यात जास्त तिथेच बोलतात.

उधारीचं दप्तर त्याहून चांगलं. संघ सरकारने चॉक्टॉंसाठी टॉम्बिग्बी नदीवर सेंट स्टीफन्सला व्यापारी कोठी चालवली, तिचा कारभार बराच काळ जॉर्ज गेन्स यांच्याकडे होता. १८१६ नंतर कोठी नदीच्या वरच्या अंगाला गेली. रोजकीर्द आणि खातेवह्या १८०३ ते १८२४ च्या, टी ५०० या संचात. हरणाची कातडी जमा, बंदुकीची दारू, मीठ, कापड नावे. आपल्याकडे वाण्याच्या वहीवरून घरात माणसं किती हे कळावं, तसंच हे. एखादा गोरा माणूस सलग काही वर्षं त्याच खात्यावर माल नेतोय आणि शेजारी त्याच्या मेव्हण्याचं चॉक्टॉ नाव जामीन म्हणून येतंय, तर तो तिथला रहिवासी समजायला हरकत नाही. एकदाच येऊन गेलेला वाटसरू असू शकतो.

१७९८ पूर्वी नॅचेझ आणि १८१३ पर्यंत मोबाइल स्पेनकडे होतं. तुमचा माणूस त्याआधीचा असेल तर मोबाइलच्या कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या आणि पँटन, लेस्ली कंपनीच्या उधारीचे कागद बघा. १८०५ च्या करारात चॉक्टॉंनी जमीन दिली ती मुख्यतः याच कंपनीचं देणं फेडायला, तेव्हा देणेकऱ्यांच्या याद्या कोणीतरी नीट ठेवल्या असणारच.

"त्याच्या बाजूने सगळं शोधलं, पुढे सरकत नाही"

बायकोच्या बाजूने शिरा. चॉक्टॉंमध्ये वंश आईकडून चाले. मूल आईच्या इक्सात, म्हणजे कुळात जन्माला येई. बापाला, विशेषतः गोऱ्या बापाला, इक्साच नसे. मुलांना वळण लावण्याचा अधिकार मामाचा. त्यामुळे गोऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा चॉक्टॉंच्या नजरेत पूर्ण चॉक्टॉ होता आणि त्याची ताकद मामांच्या ताकदीवर ठरे. ज्या गोऱ्यांची नावं टिकली, त्यांच्यापैकी बहुतेकांनी वजनदार घरांत लग्नं केली होती, आणि अनेकांनी एकाच घरातल्या दोघींशी.

याचा व्यवहारी अर्थ असा की बापाच्या नावावरून मुलं एका गठ्ठ्यात बांधू नका. दोन बायकांची मुलं दोन वेगळ्या वंशांत जातात, त्यांचे करारातले हक्क वेगळे, पश्चिमेकडे जाण्याची वर्षं वेगळी. वंशावळीच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये ही मुलं एकाच आईखाली घातलेली सर्रास दिसतात. नंतरची निम्मी गोंधळाची प्रकरणं तिथून निघतात.

जॉन पिचलिन यांचं उदाहरण घ्या, कारण त्यांचे कागद सार्वजनिक आहेत. हा गोरा माणूस १७८६ च्या होपवेल करारापासून दुभाषा. दोन बायका, दोघी फॉल्सम घराण्यातल्या: आधी रोडा, मग सोफिया. १८३० च्या करारात त्यांना दोन सेक्शन (एक सेक्शन म्हणजे ६४० एकर) जमीन दिली, पण तिथे आडनावाची स्पेलिंग वेगळी आहे, पहिला स्वर "आय"ऐवजी "वाय". ते १८३५ मध्ये मिसिसिपीतच वारले. म्हणजे इंडियन टेरिटरीत त्यांना शोधणं व्यर्थ. पण सोफिया पश्चिमेला गेली, आणि मुलगा पीटर पिचलिन पुढे चॉक्टॉ राष्ट्राचा मुख्य प्रमुख झाला. बाप पूर्वेला थांबतो, कुटुंब आईसोबत पुढे जातं. तुमच्या कमी प्रसिद्ध माणसाचंही असंच घडलं असण्याची शक्यता धरून चाला.

आडनावांचं थोडं. इंग्रजी कारकून कानाने लिहायचे. लुई लेफ्लर या फ्रेंच व्यापाऱ्याचं घराणं पुढे लफ्लोर झालं. फॉल्समचं फुल्सम. शोधयंत्रातला साउंडेक्स, म्हणजे सारख्या उच्चाराच्या आडनावांना एकच संकेत देणारी पद्धत, यातलं बरंच सांभाळते, पण सगळं नाही: ब्रॅशिअर्स या आडनावाचा साउंडेक्स बी ६२६ येतो, आणि सुरुवातीचा "र" गळून बेशिअर्स झालं की बी २६२. यंत्राच्या दृष्टीने दोन परकी घराणी. अशा वेळी साउंडेक्स बंद करून शंकेच्या अक्षरांच्या जागी तारांकन (*) वापरा आणि "र" असलेली व नसलेली, दोन्ही रूपं स्वतंत्र शोधा.

१८३० चा करार: इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा

डान्सिंग रॅबिट क्रीकचा करार २७ सप्टेंबर १८३० चा, मंजुरी २४ फेब्रुवारी १८३१ ची. गोरा नवरा शोधणाऱ्यासाठी या करारात तीन दारं आहेत आणि प्रत्येकामागे वेगळा कागद.

पहिलं दार म्हणजे करारातच नावानिशी दिलेल्या जमिनी. कलम १९ आणि मागाहून जोडलेली पुरवणी सावकाश वाचा. पुरवणीत दीड सेक्शन मिळालेल्यांच्या एकाच यादीत टर्नर ब्रॅशिअर्स, नोआ वॉल, सॅम्युअल लाँग अशी इंग्रजी नावं आणि लिटल लीडर हे चॉक्टॉ नावाचं भाषांतर शेजारी शेजारी आहेत. इंग्रजी नाव म्हणजे गोरा असं मात्र इथे चालत नाही. त्यातले कितीतरी मिश्र घरांतले मुलगे आहेत.

दुसरं दार कलम १९ मधला लागवडीचा हिशेब. ५० एकर किंवा जास्त कसणाऱ्या कुटुंबाला पूर्ण सेक्शन, म्हणजे ६४० एकर. ३० ते ५० ला पाऊण. २० ते ३० ला अर्धा. १२ ते २० ला पाव. २ ते १२ ला पावाचा अर्धा. प्रत्येक पायरीवर किती कुटुंबं घ्यायची याचीही मर्यादा: वरच्या पायरीवर ४०, पुढच्यांवर ४६०, ४००, ३५०, ३५०. हा हिशेब करायला कोणीतरी मोजणी करायला हवी होती, म्हणून १८३१ ची आर्मस्ट्राँग नोंदवही झाली. ती शिरगणती म्हणून वाचली की निराशा होते, कारण फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे. पीकपाहणी म्हणून वाचा. कसलेले एकर, घरातली माणसं, १६ वरचे पुरुष, १० खालची मुलं, ठिकाण कुठल्या ओढ्यावर. शेऱ्यांमध्ये कुठे कुठे गोरा माणूस, चॉक्टॉ बायको असंही सापडतं. छापील रूप अमेरिकन स्टेट पेपर्सच्या सार्वजनिक जमिनींच्या सातव्या खंडात आहे.

वाचताना अशी युक्ती करा: तुमच्या माणसाचं नाव मिळालं तर त्याच्या वरचे-खालचे दहा-पंधरा जण उतरून घ्या. वहीत शेजारी असलेली नावं बहुतेकदा जमिनीवरही शेजारी असतात, आणि चॉक्टॉ वस्तीत शेजारी म्हणजे बरेचदा बायकोचे भाऊ. त्यांतलं एखादं "टबी"ने संपणारं नाव पुढे स्थलांतराच्या हजेरीपटात तुमच्या घराण्याबरोबर पुन्हा दिसलं, की माहेर सापडलं.

तिसरं दार कलम १४. ज्याला मिसिसिपीतच राहायचं त्याने मंजुरीपासून सहा महिन्यांत एजंटला कळवायचं. मग कुटुंबप्रमुखाला एक सेक्शन, सोबत राहणाऱ्या १० वर्षांवरच्या प्रत्येक अविवाहित मुलाला अर्धा, १० खालच्याला पाव. पाच वर्षं राहिला तर जमीन पक्की. एजंट विल्यम वॉर्ड याने लोकांना हाकलून दिलं, नोंदी नीट ठेवल्या नाहीत. त्याच्या वहीत जेमतेम ६९ कुटुंबप्रमुख चढले. त्यामुळे "वॉर्डच्या यादीत नाव नाही" याला पुरावा म्हणून किंमत शून्य. उलट या अन्यायामुळेच पुढे दावे झाले, चौकशी आयोग बसले, आणि साक्षींचे ढीग जमले. मुलांची नावं आणि कराराच्या दिवशीची वयं यांत असतात, कारण अर्धा की पाव हे त्यावर ठरायचं होतं. १८३० च्या आसपास जन्मलेल्या मुलाचं वय सांगणारा दुसरा कागद बहुतेकांना मिळत नाही.

या दाव्यांत नवऱ्याच्या आणि बायकोच्या, दोन्ही नावांनी शोधा. बायकोचं नाव एकच शब्दाचं असेल, शेवटी "होका", "होना", "टेमा" यांसारखं काही. कारकुनाने ते प्रत्येक पानावर निराळं लिहिलेलं असेल. ज्यांची जमीन आधीच विकली गेली होती त्यांना २३ ऑगस्ट १८४२ च्या कायद्याने स्क्रिप, म्हणजे जमिनीऐवजी हुंडी मिळाली, आणि त्यातली निम्मी पश्चिमेला गेल्यावरच हातात पडायची. हुंड्या बाजारात विकल्या गेल्या. म्हणून चॉक्टॉ स्क्रिपवर जमीन घेतलेला पूर्वज चॉक्टॉंशी संबंधित असेलच असं नाही. हुंडी विकत घेतलेला बागाइतदारही असू शकतो.

"इंडियन टेरिटरीत गेला, मग काहीच नाही"

इथे चॉक्टॉ राष्ट्राचं स्वतःचं सरकार, काउंट्या आणि न्यायालयं होती. त्या काउंट्यांची नावं पुढच्या ओक्लाहोमाच्या काउंट्यांशी अर्धवट जुळतात, हद्दी जुळत नाहीत. चॉक्टॉ राष्ट्रातली अटोका काउंटी आणि १९०७ नंतरची अटोका काउंटी एक नव्हेत. स्कलीव्हिल, टोबक्सी, ब्लू ही नावं तर आजच्या काउंट्यांत नाहीतच.

जमीन साऱ्या राष्ट्राची सामाईक होती, त्यामुळे गोऱ्याच्या नावावर सातबारासारखं काही निघणार नाही. तो दोनपैकी एका रूपात राहत असे. चॉक्टॉ बाईशी लग्न केलेला असेल तर १८६६ च्या कराराच्या कलम ३८ प्रमाणे राष्ट्राचा सदस्य. नाहीतर परवाना घेऊन राहणारा परका: कूळ, सुतार, खाणकामगार, दुकानदार. परक्याचा परवाना त्याला कामावर ठेवणाऱ्या नागरिकाच्या आधाराने निघायचा. म्हणून परवान्यांच्या याद्यांत नाव न सापडल्यास मालकाचं नाव शोधा. हे राष्ट्रीय दप्तर ओक्लाहोमा हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे.

लग्न केलेल्यासाठी १८७५ चा कायदा लक्षात ठेवा. गोऱ्या पुरुषाला चॉक्टॉ न्यायालयातून परवाना, २५ डॉलर फी, दुसरी बायको हयात नसल्याची शपथ, आणि किमान बारा महिने ओळखणाऱ्या दहा रक्ताच्या चॉक्टॉ नागरिकांच्या सह्यांचा चांगल्या चालीचा दाखला. त्या दहा सह्या म्हणजे सासुरवाडीचा आणि शेजारचा पूर्ण पट. विधुर झाल्यावर त्याने गोरी बायको केली तर हक्क संपे; १८८५ ला चॉक्टॉ राष्ट्राच्या यादीत असलेला माणूस १८९६ ला गायब, यामागे मृत्यूपेक्षा हे कारण अनेकदा निघतं.

परक्या गोऱ्यांवरचे फौजदारी खटले चॉक्टॉ न्यायालयात चालत नसत, ते आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथला जात. तिथल्या खटल्यांच्या फायली फोर्ट वर्थच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आरोपी म्हणूनच शोधू नका. घोडाचोरीच्या खटल्यात साक्षीदार म्हणून आलेला माणूस आपण कुठे राहतो आणि किती वर्षं राहतो हे शपथेवर सांगून जातो. लग्नं मात्र सीमेपलीकडे झालेली असतील: टेक्ससच्या लामार, फॅनिन, ग्रेसन किंवा आर्कान्साच्या सेबॅस्टियन, पोक काउंटीत.

जनगणनेचं एक दार बहुतेकांना माहीत नसतं. १८६० मध्ये या मुलखातल्या बिगर-इंडियन लोकांची मोजणी झाली होती आणि ती आर्कान्साच्या वह्यांच्या शेवटी "इंडियन लँड्स" म्हणून बांधली आहे. आर्कान्साची काउंटी निवडून शोधणाऱ्याला ती कधी भेटत नाही. १८७० आणि १८८० ला इथे अशी संघीय मोजणी नाही, १८९० ची जवळपास सगळी नष्ट झाली, थेट १९०० ला पुन्हा उजाडतं.

डॉझ कार्ड नीट वाचणं

नाव न मिळण्याचं पहिलं कारण म्हणजे चुकीचा गट. रक्ताने, लग्नाने, फ्रीडमन (चॉक्टॉंचे पूर्वीचे गुलाम आणि त्यांचे वंशज), नवजात, अल्पवयीन, मिसिसिपी चॉक्टॉ असे गट वेगळे. गोरा नवरा लग्नाने या गटात, आय डब्ल्यू खुणेने. त्यात नसेल तर संशयित म्हणजे डी आणि नाकारलेले म्हणजे आर कार्डं बघा. लग्न चॉक्टॉ कायद्याप्रमाणे झालं होतं का, यावर बरेच अडकले.

दुसरं कारण दोन क्रमांकांची सरमिसळ. रोल क्रमांक एका माणसाचा, कार्ड क्रमांक एका कुटुंबाचा. साक्षींचं पाकीट कार्ड क्रमांकाने लावलेलं असतं. रोल क्रमांक देऊन पाकीट मागितलं की भलत्याच घरची कागदपत्रं येतात, आणि ती कोणी वंशावळीला चिकटवलेलीही पाहायला मिळतात.

आता कार्डच डोळ्यांसमोर आणा. वर टपाल कार्यालय आणि काउंटी. मग ओळी: डावीकडे रोल क्रमांक, नाव, पहिल्या नावाशी नातं, वय, रक्ताचं प्रमाण, आणि आधीच्या चॉक्टॉ यादीतलं वर्ष, काउंटी, क्रमांक. खालच्या अर्ध्यात त्याच ओळींचे आईबाप. तुमची आजी तिसऱ्या ओळीत असेल तर खालच्या अर्ध्यातल्याही तिसऱ्या ओळीत तिचा बाप, आणि त्यापुढे "नॉन सिट्झ" असं तोडलेलं. म्हणजे चॉक्टॉ राष्ट्राचा नागरिक नसलेला. हाच तुमचा गोरा. आणि तो स्वतः आय डब्ल्यू म्हणून कार्डावर असेल तर खालच्या अर्ध्यात त्याच्या आईबापांची नावं मिळतात, जरी त्यांनी चॉक्टॉ मुलखात कधी पाऊलही ठेवलेलं नसलं. जॉर्जिया-टेनेसीकडचा धागा इथे हाताला लागतो, आणि लोक नेमका खालचा अर्धा वाचत नाहीत. तळाशी शेरे: अमुक कार्ड पहा, १८९६ च्या यादीत अमुक नावाने. तारखेचा शिक्का बघून मगच वयातून जन्मवर्ष काढा.

कार्डं एम ११८६ संचात, पाकिटं एम १३०१ मध्ये. १८९६ च्या कायद्याखाली केलेले आधीचे अर्ज एम १६५० मध्ये निराळे आहेत. तिथली माहिती डॉझ पाकिटाशी विसंगत असेल तर आधीची साक्ष जास्त गांभीर्याने घ्या, तोवर वकिलांनी पढवलेलं कमी असतं.

मिसिसिपी चॉक्टॉ म्हणून आलेले अर्ज जपून वापरा. कलम १४ च्या हक्कावर हजारोंनी अर्ज केले, त्यांतले बहुतेक नाकारले गेले. दलाल आणि वकील गावोगाव फिरून अर्ज भरून घेत. खापरपणजीने अर्ज केला होता हे त्या पानावरून सिद्ध होतं. ती चॉक्टॉ होती हे होत नाही. पण आजोबा कुठून आले, कोण कोणाचा भाऊ, हे घरगुती तपशील त्यात असतात, आणि खोटं बोलायचं कारण नसलेल्या प्रश्नांवर लोक खरं बोललेले असतात.

डीएनए

चॉक्टॉ पूर्वज शोधायला लोक डीएनए करतात, इथे तर पूर्वज गोरा. बापाकडून बापाकडे अखंड पुरुषवंश असेल तरच वाय गुणसूत्राची चाचणी कामाची: ती त्याच्या युरोपीय आडनावाच्या घराण्याशी जोडून देऊ शकते. आईकडच्या अखंड वंशात मायटोकाँड्रियल गट ए, बी, सी, डी किंवा अमेरिकी शाखेचा एक्स आला तर मूळ आई अमेरिकेतली होती इतकंच कळतं. चॉक्टॉ की शेजारच्या चिकसॉ जमातीतली, हे नाही. पाच पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा वाटा सरासरी तीन टक्के, म्हणून टक्केवारीच्या रंगीत नकाशात शून्य आलं तरी कागद फेकून देऊ नका.

नागरिकत्वाचा हेतू असेल तर हेही आधीच कळलेलं बरं: ओक्लाहोमातल्या डुरंटच्या चॉक्टॉ नेशनला डॉझ रोलवर रक्ताने नोंदलेल्या पूर्वजापासून थेट वंश लागतो, मिसिसिपीतच राहिलेल्या चॉक्टॉंच्या मिसिसिपी बँडला निम्मं रक्त. लग्नाने नोंदलेल्या गोऱ्यावरून दावा होत नाही. त्याच्या बायकोचीच ओळ चालवावी लागते.

फोर्ट वर्थला पाकीट मागवताना पत्र एका परिच्छेदाचं ठेवा. जमात चॉक्टॉ, गट, कार्ड क्रमांक, कुटुंबप्रमुखाचं नाव कार्डावर आहे तसंच, आणि संबंधित आय डब्ल्यू, डी किंवा आर कार्डाचा क्रमांक शेऱ्यात असेल तर तोही. घराण्याची गोष्ट लिहू नका. कारकुनाला क्रमांक हवा असतो. पाकीट आलं की आधी लग्नाचा परवाना काढा आणि त्यावरच्या दहा सह्या उतरून घ्या.